वाढीव बांधकामाखाली निघालेली ड्रेनेज लाइन : काम कसे सोडवावे आणि खर्च कोणी सोसावा

प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिकमधील एका जुन्या सहकारी गृहनिर्माण संस्थेत १९८७ साली बांधलेला बैठा बंगला आहे. वयस्क आईवडिलांसाठी मागच्या अंगणात एक खोली, तिला लागून संडास-बाथरूम आणि स्वयंपाकघराची थोडी वाढ असे सुमारे ३८ चौरस मीटरचे काम काढले. नकाशा मंजूर झाला. पायाचे खड्डे घेताना जेसीबीचा दात जुन्या ६ इंची स्टोनवेअर (भाजलेल्या, चकचकीत मातीच्या) पाइपला लागला आणि पाइप फुटला. चौकशीत कळले की ही लाइन एकट्या आपल्या घराची नाही, मागच्या रांगेतील आणखी तीन बंगल्यांचे मैलापाणी याच लाइनने जाते. ठेकेदाराने फुटलेल्या जागी सिमेंट लिंपले आहे आणि मृगाआधी स्लॅब पडला पाहिजे, म्हणून लगेच पाया भरून घेण्याचा त्याचा आग्रह आहे. लाइन फिरवायची असेल तर तो १,८५,००० रुपये जादा मागतो. वास्तुविशारद म्हणतात की जमिनीखाली काय आहे हे त्यांना कोणी सांगितले नव्हते आणि ड्रेनेज हे प्लंबरचे काम आहे. आता काय करावे आणि हा खर्च कोणाचा, असे आपण विचारले आहे.

पहिली विनंती अशी की, पायाचे काँक्रीट थांबवावे. आठ-दहा दिवसांचा उशीर पुढे भरून काढता येतो, पण पायाखाली गाडलेली फुटकी लाइन घर उभे असेपर्यंत त्रास देते. स्टोनवेअरची जुनी लाइन साधारण दोन-दोन फुटांच्या तुकड्यांची असते आणि प्रत्येक सांधा सिमेंटने भरलेला असतो. एका ठिकाणी जेसीबीचा हिसका बसला की मागचेपुढचे चार-पाच सांधे हलतात, त्यामुळे वरून लिंपलेले सिमेंट डोळ्यांना दिसणारी भेग बुजवते आणि न दिसणाऱ्या भेगा तशाच राहतात. आपल्या अंगणात वरचा थर काळ्या मातीचा आहे असे आपण लिहिले आहे. काळी माती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. गळकी लाइन अशा मातीला एकाच जागी बाराही महिने पाणी पाजत राहते, आणि फरशी उचलली जाणे, जोत्याला तिरकी चीर जाणे, जुन्या आणि नव्या भिंतीच्या जोडावर फट पडणे हे सारे तिथून सुरू होते. गिलावा कितीही वेळा नवा केला तरी ही चीर पुन्हा उघडते, कारण दुखणे भिंतीत नसते.

दुसरे कारण मला याहूनही महत्त्वाचे वाटते. ठेकेदाराच्या सूचनेप्रमाणे केले तर जुने चेंबर, म्हणजे लाइन तपासण्यासाठी आणि साफ करण्यासाठी ठेवलेला झाकणाचा हौद, नव्या खोलीच्या फरशीखाली जाईल. लाइन तुंबली की चेंबर उघडावेच लागते. ते खोलीत असेल तर घरातील माणसांना काय सोसावे लागेल हे सांगायला नको, शिवाय जेटिंगच्या (जोराच्या पाण्याने लाइन साफ करणाऱ्या) गाडीची नळी तिथवर नेणेही अवघड होते. मग बांबूच्या पट्ट्या घेऊन कोणाला तरी हाताने ते काम करायला लावले जाते. गटारात किंवा सेप्टिक टाकीत संरक्षक साधनांशिवाय माणूस उतरवण्यास हाताने मैला साफ करण्याविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याने बंदी आहे, आणि अशी वेळ येऊ नये याची काळजी नकाशा काढतानाच घ्यायची असते. म्हणून चेंबर खोलीत घेऊ नये. दुहेरी झाकणाची, हवाबंद चेंबरे बाजारात मिळतात, पण राहत्या घरात, त्यातही वृद्धांच्या खोलीत, मी ती कधी सुचवत नाही.

आता मार्ग काय आहेत ते पाहू. एक म्हणजे लाइन आहे तिथेच ठेवून तिच्यावरून बांधणे. त्यासाठी फुटकी लाइन काढून दोन चेंबरच्या मध्ये नवीन अखंड पाइप टाकावा लागतो, त्याच्या दोन्ही बाजूंचे पाये पाइपच्या तळापेक्षा खोल न्यावे लागतात आणि भिंतीचे वजन पाइपवर येऊ नये म्हणून वरून बीम टाकून ते दोन्हीकडच्या खांबांवर द्यावे लागते. शास्त्राप्रमाणे हे करता येते. परंतु लाइन चार घरांची असल्यामुळे पुढच्या प्रत्येक दुरुस्तीत शेजाऱ्यांचे पाणी आपल्या खोलीखाली अडकणार, म्हणून आपल्या ठिकाणी मी हा मार्ग घेणार नाही. दुसरा मार्ग म्हणजे बांधकामाच्या बाहेरून, मागच्या सामासिक अंतरातून (हद्दीलगत मोकळ्या सोडलेल्या पट्ट्यातून) लाइन वळवून नेणे. माझा कौल याच मार्गाला आहे, मात्र तो नीट हिशेब करून घ्यायला हवा, कारण घाईने फिरवलेल्या बहुतेक लाइन पुढे तुंबतात.

हिशेब पाहा. आपल्या मापांप्रमाणे मागचे चेंबर आणि पुढचे चेंबर यांत ९ मीटर अंतर आहे आणि दोन्हींच्या तळांत १५ सेंटीमीटरचा फरक आहे. म्हणजे लाइनचा ढाळ (उतार) ६० ला १ आहे, ६० सेंटीमीटर लांबीला १ सेंटीमीटर उतरण. ६ इंची पाइपला साधारण हाच ढाळ धरतात, तर ४ इंचीला ४० ला १. लाइन नव्या खोलीला वळसा घालून नेली की तिची लांबी सुमारे १५ मीटर होईल, पण दोन टोकांमधला फरक मात्र १५ सेंटीमीटरच राहील. ढाळ झाला १०० ला १. त्यात दोन कोपऱ्यांवर दोन नवी चेंबरे येणार आणि पाणी वळते तिथे प्रत्येक चेंबरच्या तळाला दोन-अडीच सेंटीमीटरची उतरण द्यावी लागणार, म्हणजे ढाळ आणखी कमी होणार. नव्या पीव्हीसी पाइपचा आतला पृष्ठभाग गुळगुळीत असल्यामुळे तो जुन्या स्टोनवेअरपेक्षा कमी ढाळ सोसतो हे खरे आहे, परंतु पाण्याचा वेग सेकंदाला सुमारे ०.७५ मीटरच्या खाली गेला की मळ पाण्याबरोबर वाहून न जाता तळाशी बसतो. चार घरांच्या लाइनमध्ये दिवसाचा बराच वेळ पाइप पाव भरसुद्धा वाहत नाही, आणि खरी परीक्षा त्याच वेळी असते.

म्हणून केवळ अंगणातला तुकडा बदलून भागणार नाही. पुढचे चेंबर सोडून त्याच्याही पुढच्या चेंबरपर्यंत लाइन नवीन टाकता येते का ते तपासावे. तिथे तळ आणखी खोल असेल तर मधले चेंबर खाली उतरवून संपूर्ण लांबीत पुरेसा ढाळ मिळवता येईल. ही पातळी ठेकेदाराच्या नजरेच्या अंदाजाने ठरवू नये. साधी पारदर्शक नळी पाण्याने भरून पाणसळ धरली तरी चारही चेंबरच्या तळांच्या पातळ्या अर्ध्या दिवसात कागदावर येतात. त्या आल्याशिवाय १,८५,००० ही रक्कम बरोबर की चूक हे कोणालाच सांगता येणार नाही. लाइनची लांबी, चेंबरची संख्या, ती किती खोल, पाइपचा प्रकार आणि जुनी लाइन बंद करण्याचे काम अशी फोड मागितल्याशिवाय तिला होकार देऊ नये.

काम करतानाचा क्रमही सांगून ठेवतो. आधी नवी लाइन आणि नवी चेंबरे पूर्ण करावीत, तपासावीत आणि मगच शेजाऱ्यांना कळवून, दुपारी वापर कमी असतो तेव्हा जोडणी बदलावी. लाइन सामाईक असल्यामुळे संस्थेची लेखी संमती आणि महापालिकेच्या मलनिस्सारण विभागाकडे अर्ज, या दोन गोष्टी टाळू नयेत. शेजाऱ्यांचे पाणी आपल्या जागेतून किती वर्षे जात आहे याला कायद्यात अर्थ आहे. भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ मध्ये २० वर्षांच्या अखंड वहिवाटीने असा हक्क प्रस्थापित होण्याची तरतूद आहे. त्यामुळे आमच्या जागेतली लाइन आम्ही बंद करू, असे म्हणता येत नाही. हक्क कायम ठेवून मार्ग बदलायचा आहे, आणि तो सर्वांच्या संमतीने बदलला तर पुढे वाद राहत नाही.

आपण विचारले नाही, तरी एका गोष्टीकडे लक्ष वेधणे मला आवश्यक वाटते. मंजूर नकाशात नव्या भागाचे जोते ४५ सेंटीमीटर होते आणि आईंना पायरी चढायला नको म्हणून आपल्या सांगण्यावरून जागेवर ते १५ सेंटीमीटर करायचे ठरले आहे. त्यामागची भावना मी समजतो. पण चार घरांची लाइन पुढे कुठेही तुंबली की मागे चढलेले मैलापाणी सर्वांत खालच्या तोंडातून बाहेर येते, आणि या ठिकाणी ते तोंड आईवडिलांच्या बाथरूममधील नहाणी ट्रॅपचे (फरशीतल्या जाळीखालच्या सांडपाण्याच्या तोंडाचे) असेल. बाहेरच्या चेंबरची झाकणे आणि गली ट्रॅपची (घराबाहेर सांडपाणी लाइनला मिळते त्या तोंडाची) जाळी बाथरूमच्या फरशीपेक्षा पुरेशी खाली असतील, तर तेच पाणी अंगणात येईल. तेही वाईटच, पण ते धुऊन काढता येते आणि वेळीच दिसते. जोते ४५ ठेवून १२ ला १ उताराचा रॅम्प करावा. त्याला ५.४ मीटर लांबी लागते आणि आपल्या बाजूच्या अंगणात तेवढी जागा आहे. खोलीतून बाथरूममध्ये जाताना उंबरा नको, ही आपली अपेक्षा मात्र योग्य आहे आणि ती जोते न उतरवता पूर्ण होते.

पावसाच्या पाण्याचाही विचार आताच व्हावा. ३८ चौरस मीटरच्या छतावर तासाला १०० मिलिमीटरच्या जोराची सर आली तर तासाला ३,८०० लिटर पाणी उतरते. ४ इंची एक पाइप तेवढे सहज नेतो, त्यामुळे पाइपची काळजी नाही. ते पाणी कुठे सोडले आहे याची काळजी आहे. आपल्या नकाशात पावसाच्या पाण्याचा पाइप सरळ मैलापाण्याच्या चेंबरकडे दाखवला आहे. तसे करू नये. पहिल्या मोठ्या पावसात चेंबर भरेल आणि वर सांगितलेला प्रकार घडेल. हे पाणी वेगळ्या वाटेने रस्त्याकडच्या पावसाळी गटारात किंवा झिरपखड्ड्यात न्यावे, आणि झिरपखड्डा घेतला तर तो पायापासून दूर, काळ्या मातीचा थर ओलांडून मुरमात उतरणारा असावा. आजवर अंगणात पडलेले पाणी मागच्या भिंतीकडून बाजूच्या बोळाने निघून जात होते. नवी खोली त्या वाटेवर बांधासारखी आडवी येते. तिच्या मागच्या बाजूने उताराचा कोबा आणि उथळ नाली केली नाही तर पाणी जोत्याला टेकून उभे राहील.

आता जबाबदारीचा प्रश्न. वास्तुविशारद अधिनियम, १९७२ अन्वये स्थापन झालेल्या वास्तुकला परिषदेने नेमणुकीच्या ज्या शर्ती दिल्या आहेत, त्यांत सर्वसमावेशक वास्तुसेवेत सांडपाणी, मैलापाणी आणि पाणीपुरवठ्याच्या रचनेचा समावेश आहे. आपला करार अशा पूर्ण सेवेचा असेल तर ड्रेनेज हे प्लंबरचे काम आहे, हे उत्तर टिकत नाही. पाइप जोडणे प्लंबरचे काम आहे. पाइप कुठून, किती ढाळाने आणि कुठे जाईल हे ठरवणे रचनाकाराचे काम आहे.

परंतु याच शर्तींत मालकाकडेही एक कर्तव्य दिलेले आहे, आणि ते आपण लक्षात घ्यावे. जागेचा नकाशा, त्यावर असलेली बांधकामे, झाडे आणि अस्तित्वात असलेल्या सेवावाहिन्या यांची माहिती मालकाने पुरवायची असते, आणि ती उपलब्ध नसेल तर ती मिळवण्याचा खर्च मालकाने करायचा असतो. त्यामुळे आम्हाला कोणी सांगितले नव्हते, या म्हणण्याला अगदीच आधार नाही असे मी म्हणणार नाही. तरीही माझे मत आपल्या वास्तुविशारदांच्या विरुद्ध जाते, आणि त्याचे कारण आपल्या छायाचित्रात आहे. अंगणात चेंबरचे लोखंडी झाकण उघड दिसते आहे आणि ते नव्या खोलीच्या मधोमध येते. घरमालकाला ते रोजच्या सवयीने दिसेनासे झालेले असू शकते, पण रचनाकाराने अशा झाकणावरून खोली आखायची आणि खाली काय आहे हे विचारायचेही नाही, याला व्यावसायिक दक्षता म्हणता येत नाही. मालकाने सांगितले नाही तर विचारणे, विचारून कळले नाही तर शोध घ्यायला लेखी सुचवणे, आणि मालकाने खर्च नाकारला तर त्या नकाराची नोंद ठेवणे, एवढे त्यांच्याकडून अपेक्षित होते.

हे मी वरच्या पायरीवर उभा राहून लिहीत नाही. २६ वर्षांपूर्वी, माझ्या सुरुवातीच्या एका कामात मालकांच्या फाइलमधल्या मंजूर नकाशावर विसंबून मी लाइन घराच्या डाव्या बाजूला धरली आणि ती निघाली उजव्या बाजूला. त्या काळच्या प्लंबरने आपल्या सोयीने टाकली होती. दोन खांबांचे पाये बदलावे लागले आणि ते माझ्या चुकीमुळे, हे मी मालकांना सांगितले. तेव्हापासून पहिल्या भेटीत टेप काढण्याआधी मी झाकणे उचलून घेतो. वरच्या चेंबरमध्ये कपड्यांची नीळ कालवलेले बादलीभर पाणी ओततो आणि खालच्या चेंबरशी उकिडवे बसून वाट पाहतो. निळे पाणी आले की लाइनचा मार्ग कळतो, किती वेळाने आले यावरून तिची प्रकृती कळते, आणि आलेच नाही तर त्याचा शोध घेतल्याशिवाय मी पेन्सिल उचलत नाही. या तपासणीला अर्धा तास आणि थोडी नीळ लागते.

ठेकेदारही यातून सुटत नाही. ज्या अंगणात चेंबर दिसते आहे तिथे त्याच्या आसपासची खुदाई हाताने करायला हवी होती, आणि पाइप फुटल्यावर काम थांबवून मालक व वास्तुविशारद यांना कळवायला हवे होते. लिंपून पुढे जाण्याचा निर्णय घेण्याचा अधिकार त्याला नव्हता.

आता पैसे. इथे बहुतेक मालक आणि व्यावसायिक, दोघेही एक गल्लत करतात. लाइन पहिल्या दिवशी सापडली असती तरी ती वळवावी लागलीच असती आणि तिचा खर्च आपणच केला असता. तो खर्च चुकीमुळे उद्भवलेला नाही, आपल्या जागेच्या वस्तुस्थितीमुळे आहे. म्हणून नवी लाइन, चेंबरे आणि जोडणी यांचा वाजवी खर्च आपला, आणि सामाईक लाइन नवी होत असल्यामुळे संस्थेने त्यातला काही भाग उचलावा अशी विनंती करणे रास्त आहे. चुकीमुळे वाया गेले ते वेगळे आहे. लाइन उशिरा सापडल्यामुळे नऊपैकी जे दोन खड्डे बुजवून नव्या जागी घ्यावे लागतील त्यांचा खर्च, स्ट्रक्चरल रेखाचित्रे बदलण्याचा खर्च, यंत्र आणि मजूर बसून राहिल्याची भरपाई हे वास्तुविशारदांनी सोसायला हवे, आणि सुधारित नकाशांचे वेगळे शुल्क त्यांनी मागू नये. पाइप फुटल्यामुळे करावी लागलेली तात्पुरती दुरुस्ती आणि सफाई ठेकेदाराची. ही विभागणी कागदावर मांडून तिघांनी एकत्र बसावे. माझ्या अनुभवात, मागणी अशी नेमकी असली की सहसा समजूत होते. सगळी रक्कम एकाच्या माथी मारायला गेले की ताणाताणी होते आणि काम पावसात अडकते.

करार तपासताना आणखी एक पाहावे. आपण ज्यांना वास्तुविशारद म्हणता त्यांची परिषदेकडे नोंदणी आहे का? सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२० मध्ये स्पष्ट केले आहे की कायदा नोंदणी नसलेल्यांना वास्तुविशारद ही उपाधी लावण्यास मनाई करतो, तशा प्रकारचे काम करण्यास नाही. अनेक गावांत परवानाधारक अभियंता नकाशा मंजूर करून देतो आणि लोक त्यालाच वास्तुविशारद समजतात. त्याची नेमणूक केवळ मंजुरीपुरती असेल आणि शुल्कही तेवढ्याचेच दिले असेल, तर जमिनीखालच्या रचनेची पूर्ण जबाबदारी त्याच्यावर टाकणे कठीण जाईल. नोंदणीकृत वास्तुविशारदाविरुद्ध परिषदेकडे गैरवर्तनाची तक्रार करता येते, पण तिथे समज, निलंबन किंवा नोंदणी रद्द होणे अशी शिक्षा असते, भरपाईचा मार्ग तो नव्हे. भरपाईसाठी ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ खाली सेवेतील त्रुटीची तक्रार जिल्हा आयोगापुढे दोन वर्षांच्या आत करावी लागते. आपल्या प्रकरणात तिथवर जाण्याची वेळ आलेली नाही असे मला वाटते. महापालिकेने नकाशा मंजूर केला यावरून मात्र कोणाचीच सुटका होत नाही, कारण मंजुरी देताना कोणी जमीन उकरून पाहत नाही.

तूर्त वास्तुविशारदांना एक पत्र द्यावे. त्यात पाइप सापडल्याची तारीख, छायाचित्रे आणि ठेकेदाराने केलेली लिंपण यांची नोंद असावी. चेंबरच्या तळांच्या पातळ्या, लाइनचा ढाळ आणि पाये किती खोल जातात हे दाखवणारा सुधारित ड्रेनेज नकाशा सात दिवसांत मागावा, आणि तो मिळेपर्यंत मागच्या बाजूचे पाये न भरण्याची सूचना ठेकेदारालाही लेखी द्यावी. पत्रात आरोपाची भाषा नको, कारण पुढचे सहा महिने याच माणसांबरोबर काम करायचे आहे.

नवी लाइन पडली की चर बुजवण्याआधी स्वतः उभे राहून तिची परीक्षा घ्यावी. खालचे तोंड डाट्याने बंद करून वरच्या चेंबरपर्यंत पाणी भरावे, पातळीवर खडूची रेघ ओढावी आणि तासाभराने पाहावे. रेघेखाली पाणी उतरले असेल तर सांधा शोधून दुरुस्त केल्याशिवाय माती लोटू देऊ नये. उघड्या चराची छायाचित्रे टेप लावून काढावीत, प्रत्येक चेंबरचे अंतर घराच्या दोन पक्क्या कोपऱ्यांपासून मोजून नकाशावर लिहावे आणि त्याची एक प्रत संस्थेच्या दप्तरी जमा करावी.